लाल पट्टी

दर मार्चात विद्यापीठ उघडलं की पहिल्या वर्गाला क्लेलिया लुदुएन्या एक पत्र्याचा डबा घेऊन येते आणि कोरड्या फडक्यानं तो पुसते. झाकण पुसते, कड पुसते, बूड पुसते. मग त्यावर लाल चिकटपट्टी लावते आणि अंगठ्यानं दाबून दाबून बसवते. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये अख्खा स्टुडिओ मावतो. फिल्मचं रीळ त्यांनी पाहिलंच असेल तर एखाद्या कॅफेच्या भिंतीवर, शोभेला टांगलेलं.

"प्रोफे, डबा स्वच्छच आहे की," कुणीतरी म्हणतंच.

"पीठ दरवेळी डोळ्यांना दिसतंच असं नाही," ती म्हणते आणि धड्याकडे वळते.

पोरांना वाटतं, बाईंचं वय झालं. वय झालंय हे काही खोटं नाही. पण तो डबा पुसताना तिला जे आठवतं ते आठवायला तिला आवडतं, आणि वर्षातून एकदा तरी माणसानं स्वतःला आवडेल ते करावं.

ती शिकायला कोर्दोबात आली तेव्हा विद्यापीठातला सिनेमाचा विभाग नुकताच पुन्हा उघडला होता. लष्करानं त्याला कुलूप ठोकलं होतं. लष्कर गेलं, कुलूप निघालं, आणि आत सापडलं काय, तर चावी देऊन चालवायचा एक कॅमेरा, एका पायाला दोरी बांधलेली त्याची तिपाई आणि काळ्या कापडाची दोन बाह्यांची एक पिशवी. शिकणारे चाळीस आणि कॅमेरा एक. त्या कॅमेऱ्यापायी जी भांडणं झाली त्यात दोन लग्नं मोडली आणि एक जमलं. तरी तेवढी सुखी माणसं क्लेलियानं पुढं कुठं पाहिली नाहीत. दुपारी सगळं शहर जेवून आडवं व्हायचं, तेव्हा ही मंडळी शहरातून वाहणाऱ्या कान्यादा ओढ्याच्या दगडी कठड्यावर टिपाच्या झाडांच्या सावलीत पाय सोडून बसायची आणि न पाहिलेल्या चित्रपटांवरून एकमेकांच्या उरावर बसायची. खिसा रिकामा, पोट अर्धं भरलेलं, आणि तोंडाला खळ नाही. आपण जग बदलणार आहोत याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. वाद फक्त ते कुठल्या भिंगातून बदलायचं एवढाच होता.

विभागाच्या गरिबीतून काही रीती पडल्या होत्या. त्यातली एक अशी. फिल्म ज्या चाकावर गुंडाळून येते ती चाकं कमी होती. म्हणून चित्रण झालं की रीळ काळ्या पिशवीत घालायचं, बाह्यांतून हात आत सरकवायचे आणि आंधळ्यासारखं चाचपत ते उलटं फिरवून पुन्हा मूळ चाकावर घ्यायचं. दुसरं चाक मोकळं झालं की पुढच्या जोडीला द्यायचं. यात गोम एवढीच की असं उलटं गुंडाळलेलं भरलेलं रीळ आणि कोरं रीळ यांत जुळ्या भावांइतकाही फरक उरत नसे. फरक काय तो डब्यावरच्या पट्टीचा. पांढरी म्हणजे कोरं, लाल म्हणजे भरलेलं. रीळ गुंडाळून झालं की पांढरी फाडायची आणि त्याच क्षणी लाल लावायची. आधी लाल पट्टी, मग पाणी, मग बाकीचं जग, असं प्रोफे किन्तेरोस बजावायच्या. या बाई परदेशात दहा वर्षं काढून परतल्या होत्या, एकामागून एक सिगारेटी ओढायच्या आणि कुणाची भीड ठेवायच्या नाहीत.

चौथ्या वर्षाची परीक्षा म्हणजे एका रिळाचा चित्रपट. तीन मिनिटं, एकच दृश्य, कापाकापी नाही. दोघांच्या जोडीला दोन रिळं मिळत, एक सरावाचं आणि एक परीक्षेचं. क्लेलियाचा जोडीदार होता एल्वियो बार्सोला, बांबूसारखा उंच, शांत, आणि ज्याचा हात कधी थरथरत नाही असा. त्यांची जोडी फक्त कामाची होती, जरी विभागात त्यावर पैजा लागल्या होत्या.

क्लेलियासाठी ही परीक्षा साधी नव्हती. डोंगरातल्या सान पोन्सियानो गावात तिच्या वडिलांची बेकरी होती. दॉन आन्सेल्मो लुदुएन्या म्हणजे अख्ख्या गावाच्या न्याहारीचा मालक. ती दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली, आणि तेव्हापासून वडील एकटेच भट्टी ओढत होते. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, आणि ते स्वतः आधीच कमी बोलायचे ते आणखी कमी बोलायला लागले होते. ऑगस्टच्या सुट्टीत ती सरावाचं रीळ आणि एल्वियोला घेऊन घरी गेली, तेव्हा त्यांनी सौदा मांडला.

"पास झालीस तर जा कुठं जायचं तिकडं. मी अडवणार नाही. नापास झालीस तर घरी यायचं आणि भट्टी सांभाळायची. कबूल?"

"कबूल," क्लेलिया म्हणाली. बाविसाव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतो.

"बघ हं, हा उंच माणूस साक्षीला आहे," वडील म्हणाले.

एल्वियोच्या तोंडात क्रिओजितो होता, डुकराच्या चरबीचा, पापुद्र्यापापुद्र्यांचा छोटा पाव, भट्टीतून आत्ताच निघालेला. त्यानं तोंड बंद ठेवून मान हलवली.

सकाळी सातला पहिला घाणा उतरला आणि वडील नेहमीसारखे बेकरीतल्या टेबलाशी बसले. दोन खुर्च्या होत्या. डावी त्यांची. उजवीवर कुणी बसत नसे. ती आईची होती. क्लेलियानं एल्वियोला तिपाई कुठं ठेवायची ते दाखवलं, उंची सांगितली, आणि कॅमेऱ्याची चावी पिळली.

"पिठाच्या हातांचा कसला आलाय सिनेमा," वडील पुटपुटले.

"पपा, बोलू नकोस. नुसता बस. रोज करतोस तेच कर."

मग त्यांनी रोजचंच केलं. पुदिन्यासारख्या वासाचा पेपेरिनाचा पाला टाकून येर्बा, म्हणजे तिकडची कडू चहापत्ती, वाटीत भिजवली, किटलीतलं पाणी ओतलं, नळीनं एक घोट घेतला, वाटी पुन्हा भरली आणि टेबलावरून समोर, रिकाम्या खुर्चीकडे सरकवली. वाटी तिथं थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात लांब केला आणि ती परत ओढून घेतली. कॅमेऱ्यामागं उभ्या क्लेलियाला रडू फुटलं, पण तिनं ते गिळलं, कारण फिल्म अजून फिरत होती.

एल्वियोनं रीळ त्याच टेबलावर काळ्या पिशवीत उलटं गुंडाळलं, डब्यात घातलं, पांढरी पट्टी फाडली, लाल लावली आणि तिच्यावर पेननं लिहिलं: 'भरलेलं. पपा.' सगळं रीतीप्रमाणे. मग दोघंही बस पकडायला धावले, कारण डोंगरातली बस कुणासाठी थांबत नाही.

परीक्षेचं चित्रण ऑक्टोबरात, विभागाच्या मागच्या खोलीत झालं. क्लेलियाची गोष्ट अगदी छोटी होती. एक मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आहे, पायाशी सुटकेस आहे, नजर दाराकडे आहे. बस यायची आहे. एवढंच. टेबल कँटीनमधून आणलं, पण मांडणी घरचीच केली. डावीकडे रिकामी खुर्ची, उजवीकडे मुलगी, तिपाई तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर. सराव त्याचसाठी तर केला होता. नाट्यविभागातली जी मुलगी काम करणार होती तिला आदल्या दिवशी राजधानीतून टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी बोलावणं आलं आणि ती उडाली.

"तूच बस," एल्वियो म्हणाला.

"मला कुठं येतं काम करायला?"

"काम कुठं करायचंय? घर सोडून जायचंय असं तोंड कर. ते तुझं गेली चार वर्षं तसंच आहे."

ती बसली. एल्वियोनं कपाटातून पट्टी नसलेला डबा काढला. पांढरी पट्टी बहुतेक गळून पडली असावी, असं त्याला वाटलं. लाल नाही म्हणजे कोरं, हा त्याचा हिशोब. दुसऱ्या डब्यावर खरी पांढरी पट्टी होती, पण तो पुस्तकांच्या ढिगामागं गेला होता, आणि घाईत असलेल्या माणसाला समोरचं तेवढंच दिसतं. चित्रण झालं, मागचा डबाही सापडला, त्याच्या पट्टीकडे कुणी नीट पाहिलं नाही, आणि दोन्ही डबे बसनं राजधानीतल्या लॅबकडे गेले.

धुतलेली रिळं परत आली की विभागात डबे उघडण्याचा दिवस असे. त्या दिवसाचा दंडक मोठा कडक. कुणीही आपलं रीळ आधी बघायचं नाही. सगळ्या वर्गासमोर, पहिल्यांदा, पडद्यावरच बघायचं. चूक असेल तर चारचौघांत. ज्याचं रीळ तो पहिल्या रांगेत बसणार, कॅमेरावाला प्रोजेक्टरशी उभा राहणार, आणि बाकीचे खायला घेऊन येणार आणि हवी तेवढी टर उडवणार. निकाल प्रोफे किन्तेरोस तिथल्या तिथं देणार.

क्लेलियाच्या पाळीला दार उघडलं आणि दॉन आन्सेल्मो आत आले. अंगात लग्नाकार्याचा कोट, डोक्यावर हॅट, हातात क्रिओजितोंची पिशवी. आयुष्यात त्यांनी दुपारची झोप चुकवली ती एवढीच.

"पपा? तू इथं कसा?"

"बसनं. सौदा केलाय ना, मग निकाल बघायला नको?" त्यांनी कोटाच्या खिशावर हात थोपटला. "तिकिटं दोन काढलीयत परतीची. सहाची बस आहे. पास झालीस तर एक परत करीन."

क्लेलियानं सरकून त्यांना जागा केली. पिशवी रांगेतून मागं गेली आणि तीन रांगा ओलांडेपर्यंत रिकामी झाली. वडील तिच्या शेजारी बसले, हॅट गुडघ्यावर ठेवली.

आधी सरावाचं रीळ लागलं. पडदा काळाच राहिला. काळा, काळा, आणि शेवटपर्यंत काळाच.

"लेन्सवरची टोपी काढायची असते, बार्सोला," मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

"काढली होती," एल्वियो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की हसणारेही जरा वरमले.

"अरे हो," वडील क्लेलियाच्या कानाशी म्हणाले, "तुमचं एक काहीतरी घरी राहिलं होतं. माझ्या मोठ्या परातीच्या बुडाला चिकटलं होतं. परवा घासायला घेतली तेव्हा दिसलं. म्हटलं, कामाचं असेल." त्यांनी पाकिटातून चपटी झालेली, पिठानं माखलेली लाल पट्टी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. 'भरलेलं. पपा.'

क्लेलियाला सगळं कळलं. पिठानं भरलेलं टेबल, पिठाळलेला डबा, त्यावर न धरलेली पट्टी. एल्वियोनं कोरं समजून कॅमेऱ्यात घातलं ते रीळ पपांचं होतं, आणि कोरं होतं ते कोरंच धुऊन आलं होतं. एका रिळावर दोनदा चित्रण. चार वर्षं, चाळीस माणसांत मिळालेलं एक रीळ, आणि ते असं. थांबवा म्हणून ती उठणार होती, पण एल्वियोनं बिचाऱ्यानं दुसरं रीळ लावलं होतं आणि पडदा उजळला होता.

पडद्यावर एक टेबल होतं. नीट पाहिलं तर दोन होती, एकावर एक, कडा बोटभर सरकलेल्या. डाव्या खुर्चीवर दॉन आन्सेल्मो होते, उजव्या खुर्चीवर क्लेलिया. दोघंही अर्धवट पारदर्शक. तिच्या खांद्यातून भट्टीचं तोंड दिसत होतं आणि त्यांच्या पोटातून विभागाची खिडकी. वर्ग आधी फिसकन हसला. "भुतांची बेकरी," कुणीतरी म्हणालं. मग हसू आपोआप ओसरलं.

कारण ती दोघं खरंच एका टेबलाशी बसली होती. वडिलांनी येर्बा भिजवली. मुलीनं पायाशी असलेल्या सुटकेसवर हात ठेवला. वडिलांनी वाटी भरली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली. वाटी अगदी तिच्या हातापाशी आली. मुलगी दाराकडे बघत होती. वाटी तिथं राहिली. मुलगी दाराकडेच बघत राहिली. मग वडिलांनी हात लांब केला आणि वाटी परत ओढून घेतली.

रीळ संपलं, शेपूट फडफडलं, आणि एल्वियोला दिवा लावायचंही सुचलं नाही. तो प्रोफे किन्तेरोसनीच लावला. त्यांच्या हातातल्या सिगारेटीची राख लांब झाली होती.

"एका रिळावर एक चित्रपट, असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "इथं दोन आहेत. माझ्या खोलीत जे रडायचं ते मी रडेन. पण पट्टीची चूक म्हणजे नापास, आणि ते मला बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी परत या."

क्लेलियाला तोंडात मारल्यासारखं झालं. वडील उठले. त्यांनी हॅट घातली.

बसस्थानकापर्यंत ती दोघं चालत गेली, कान्यादाच्या कडेनं. एल्वियो चार पावलं मागं, सुतकात असल्यासारखा. ज्या कठड्यावर बसून तिनं चार वर्षं घालवली होती त्याच्यावरून तिनं जाता जाता हात फिरवला. सुटकेस घ्यायला खोलीवर जावं लागेल, पुस्तकं एल्वियोला द्यावी लागतील, असलं काहीबाही तिच्या डोक्यात चाललं होतं. सौदा सौदा असतो. तिनं वडिलांना कधी शब्द मोडताना पाहिलं नव्हतं, आणि ती त्यांचीच मुलगी होती.

स्थानकावर एल्वियो पुढं झाला. "दॉन आन्सेल्मो, चूक माझी आहे. तिची नाही. तुम्ही तिला..."

"टेबल माझं, पीठ माझं," वडील म्हणाले. "तू गप बस, उंच माणसा."

मग ते क्लेलियाकडे वळले.

"पुढच्या वर्षी परत परीक्षा देता येते असं ती सिगारेटवाली बाई म्हणाली ना?"

"येते. पण पपा, आपलं ठरलंय. मी येते. खोलीवरून सामान..."

"ते टेबल बघितलंस?"

"बघितलं."

"मी वाटी पुढं केली. तू ढुंकूनही बघितलं नाहीस. दाराकडेच बघत होतीस."

"पपा, ते नाटक होतं. आणि वाटी तर ऑगस्टातली होती, मी तिथं नव्हतेच..."

"मला शिकवू नकोस. मला कळतं कोण कधी होतं." त्यांनी गुडघा चोळला. "मी दोन वर्षं म्हणतोय, पोरगी घरी आली की ती खुर्ची भरेल. आज भरलेली बघितली. पायाशी सुटकेस घेऊन बसलेली बाई मला रोज सकाळी समोर नको. त्यापेक्षा रिकामी बरी."

क्लेलिया पुढं झाली. तिनं त्यांना मिठी मारली. त्यांच्या कोटाला लग्नाच्या दिवसापासूनची डांबराच्या गोळ्यांची घाण येत होती आणि तिच्याखाली भाजलेल्या पावाचा वास, जो कुठल्याच कपड्यातून जात नाही. तो वास तिला आजही कुठं आला तरी ती चालता चालता थांबते.

"भट्टीचं काय?" तिनं विचारलं.

"भट्टी माझ्याआधी होती. माझ्यानंतर काय ते तिचं तिनं बघावं. जा आता. आणि पुढच्या वेळी डबा पुसून घ्या, गाढवांनो."

पुढच्या वर्षी ती पास झाली. त्या चित्रपटात काय होतं ते आज तिलाही धड सांगता येत नाही. एल्वियो नावाजलेला कॅमेरामन झाला, पण कोर्दोबात एकदा चिकटलेलं टोपणनाव निघत नाही. साठीकडे झुकलेल्या माणसांतही तो अजून 'दुमजली' म्हणूनच ओळखला जातो, आणि ते रीळ त्याच्याच घरी, फडक्यात गुंडाळून, लाल पट्टी लावून ठेवलेलं आहे. दॉन आन्सेल्मो आणखी नऊ वर्षं भट्टीपुढं उभे राहिले. ते गेल्यावर क्लेलियानं ते रीळ एकदा लावून पाहिलं. त्यांच्या हालत्याचालत्या चित्रांत तेवढंच शिल्लक आहे. वाटी तिच्या हातापाशी आली तेव्हा ती मोठ्यानं रडली. या वेळी गिळायचं काही कारण नव्हतं.

पण डबा पुसताना तिला आठवतं ते पडद्यावरचं नाही. ती गोष्ट तिला त्या वर्षीच्या नाताळात शेजारच्या एउलालियाबाईंनी सांगितली. त्याही सहाच्या त्याच बसला होत्या. बस खच्चून भरली होती, माणसं दांड्याला लोंबकळत होती, आणि दॉन आन्सेल्मोंनी शेजारच्या सीटवर आपली हॅट ठेवली होती. तिकीट परत करायचं त्यांनी केलंच नव्हतं. एक जाडा गृहस्थ घामानं निथळत आला आणि म्हणाला, "आजोबा, हॅट उचला की जरा."

"ही माझ्या मुलीची जागा आहे," ते म्हणाले. "हे बघा तिकीट."

"बरं, मग मुलगी कुठंय?"

"शिकतेय," दॉन आन्सेल्मो म्हणाले, आणि सान पोन्सियानो येईपर्यंत त्यांनी ती हॅट तिथून हलवली नाही.